पुरानी बस्ती आणि दोन शिलालेख

युरोपातील प्रबोधनकाल म्हटला, की फ्लॉरेन्सचे घुमट आणि शिल्पे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. त्याच शतकात रायपूर कसे होते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. बुढा तलाव, महाराजबंध आणि महामायेचे देऊळ यांच्या आसपास वसलेली पुरानी बस्ती हे या शहराचे जुने अंग. पण माती-लाकडाची घरे शतके ओलांडीत नाहीत. त्या काळाची साक्ष काढायची, तर कोरलेल्या दगडांकडेच वळावे लागते.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात रतनपूरच्या कलचुरी घराण्याची एक शाखा या प्रदेशात राज्य करू लागली. तिच्यातील ब्रह्मदेव राजाच्या कारकीर्दीतला रायपूरचा शिलालेख विक्रम संवत् १४५८चा, म्हणजे इ.स. १४०२चा आहे. नायक हाजिराज याने हाटकेश्वराचे देऊळ बांधविले, अशी त्यात नोंद आहे. खारुन नदीवरील महादेवघाटावर हाटकेश्वराची पूजा आजही चालते. राजाचा अधिकारी देऊळ बांधतो आणि कवीकडून प्रशस्ती रचवून घेतो, यात त्या काळाच्या दृष्टीने नवल काहीच नाही.

नवल आहे ते दुसऱ्या लेखात. तो रायपूरचा नव्हे; याच राजाच्या राज्यातील खल्लारीचा, इ.स. १४१५चा. तेथे नारायणाचे मंदिर उभारणारा देवपाल हा जातीने मोची होता. राजाच्या वंशावळीमागोमाग या चांभाराच्या बापआजांची नावेही त्याच संस्कृत लेखात आली आहेत.

नेमक्या याच सुमारास फ्लॉरेन्सच्या चर्मकारांच्या श्रेणीने ऑर्सानमिकेले येथे संत फिलिपचा पुतळा नान्नी दि बांको या शिल्पकाराकडून घडवून घेतला. दोन्ही घटनांत संबंध काहीच नाही, आणि ओढूनताणून तो जोडूही नये. तरी भेद बोलका आहे. तेथे दानाचे श्रेय श्रेणीचे. येथे एका माणसाचे, त्याच्या नावानिशी.

मात्र एका देवपालावरून तत्कालीन समाजात उच्चनीचता नव्हती, असे अनुमान काढणे भाबडेपणाचे ठरेल. ज्यांनी तलाव खणले, दगड वाहिले, त्यांची नावे कोणत्याच शिळेवर नाहीत. देवपालाचे नाव मोलाचे आहे ते या मौनामुळेच.

हे दोन्ही लेख महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कलचुरी लेखसंग्रहात संपादित केले. नागपुरात बसून एका मराठी पंडिताने छत्तीसगडच्या विस्मृत माणसांना वाचक मिळवून दिले. प्रबोधन म्हणजे केवळ नवे घुमट उभारणे नव्हे. झिजलेल्या अक्षरांतून एका मोच्याचे नाव पुन्हा उच्चारणे, हेही प्रबोधनच होय.