एलिझाबेथचं माहेर

१६२०चा शरद. अटलांटिकवर 'मेफ्लॉवर' कलंडतंय आणि त्याच्या पोटात १०२ प्रवाशांमध्ये तुम्हीही दाटीनं बसला आहात. वर आरडाओरडा होतो. गव्हर्नर होणार असलेल्या कार्व्हरांचा तरणाबांड नोकर, जॉन हाऊलँड, लाटेच्या तडाख्यानं समुद्रात गेला! तुम्ही धडपडत वर येता. शिडाचा एक दोर पाण्यात लोंबतोय आणि त्यानं तो धरलाय. पाण्याखाली गेला, तरी सोडत नाही. खलाशी दोर ओढतात, आकडीनं त्याला वर घेतात.

खाली तेरा वर्षांची एलिझाबेथ टिली आईवडिलांजवळ बसली आहे.

किनाऱ्यावर वसवलेल्या प्लिमथचा पहिला हिवाळा निम्म्या माणसांना नेतो. तिचे आईवडील जातात, काकाकाकू जातात. पायाखालची जमीन पटुक्सेट गावाची; काही वर्षांपूर्वीच्या साथीत ते अख्खं ओस पडलं. वसंतात भेटणारा टिस्क्वांटम त्याच गावचा. पळवून नेलेला तो परतला, तेव्हा घरचं कोणी उरलं नव्हतं. त्याच्या गावातल्या आज्यापणज्यांची नावं कोण सांगणार?

१६५१च्या सुमारास गव्हर्नर ब्रॅडफर्डच्या खांद्यावरून वाकून बघा. कोण आलं, कोण गेलं, कोणाची किती मुलं, तो वहीत नोंदवतोय. हाऊलँडची बायको जॉन टिलीची मुलगी. दहा मुलं, सगळी हयात.

पुढे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ती वही नाहीशी होते. वंश मात्र वाढत राहतो. त्यात इमर्सन येतो, पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट, दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष. पण वही नसताना, ही पूर्वज आजी कोणाची लेक, विचारलं की घराण्यातून उत्तर येतं: कार्व्हर गव्हर्नरांची. प्लिमथच्या टेकडीवर दगडातसुद्धा तेच कोरलं जातं. अनाथ पोरीचा बाप तिच्याच नातवंडा-पतवंडांनी पुसला, हे मला फार लागतं.

१८५५. लंडनच्या बिशपांच्या फुलहॅम वाड्यातल्या ग्रंथालयात ती वही सापडते. शेवटची पानं उलटा, हाऊलँडच्या नावावर बोट ठेवा. पुढेच लिहिलंय: टिली.

परतताना १६८७च्या डिसेंबरात स्वान्सीला थांबा. लेकीच्या, लिडियाच्या घरी ऐंशीची म्हातारी अंथरुणाला खिळली आहे. जवळ बसा आणि माहेरच्या नावानं तिला एकदा हाक मारा.