नियतीचे संन्यासी

गयेच्या उत्तरेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर बराबर आणि नागार्जुनी या खडकाळ टेकड्या आहेत. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात तेथील ग्रॅनाइटमध्ये कोरलेल्या लेण्यांच्या भिंती अजूनही आरशासारख्या चकाकतात. बराबरची दोन लेणी अशोकाने राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी आजीविक संन्याशांना दिली. नागार्जुनीची तीन लेणी त्याचा नातू दशरथ याने राज्यावर येताच त्यांनाच अर्पण केली. यांपैकी काही दानलेखांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. पुढे केव्हातरी कोणीतरी छिन्नी घेऊन 'आजीविक' हा शब्द तेवढा खरवडून टाकण्याचा प्रयत्न केला आहे. राजाचे नाव राहिले, दानाचा उल्लेख राहिला. दान घेणाऱ्याचे नाव मात्र कोणाला तरी नकोसे झाले. हा हात कोणाचा, याविषयी विद्वानांत एकमत नाही, आणि त्यामागे तत्त्वज्ञानापेक्षा निवाऱ्याच्या जागेचा लोभही असू शकेल. परंतु ज्यांचे नाव पुसले गेले त्यांनी मांडलेला प्रश्न पुसला गेला नाही. माणूस जे करतो ते तो करतो, की ते त्याच्याकडून केवळ घडते?

आजीविकांचा प्रमुख आचार्य गोशाल. पालीत तो मक्खलि गोसाल आहे, अर्धमागधीत मंखलिपुत्र. बुद्ध आणि महावीर यांचा तो समकालीन. त्याच्या पंथाचा स्वतःचा एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याच्याविषयी आपण जे जाणतो ते बौद्ध आणि जैन ग्रंथांतून, म्हणजे त्याच्या प्रतिपक्षाकडून. जैन आगमांना आजचे लिखित रूप तर इसवी सनाच्या पाचव्या शतकात वलभी येथे मिळाले. वादात हरलेल्या माणसाची बाजू जिंकलेल्याच्या दप्तरातून वाचावी, तसे हे वाचन आहे. १९५१ साली ए. एल. बाशम यांनी आजीविकांवरील आपला ग्रंथ सिद्ध केला तोही असेच विखुरलेले, बहुतांशी वैरभावाचे उल्लेख जुळवून.

या उल्लेखांतला सर्वांत प्रसिद्ध उल्लेख दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात येतो, आणि तो ज्याच्या मुखातून येतो तो श्रोता विसरता येत नाही. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री मगधाचा राजा अजातशत्रू राजगृहाच्या गच्चीवर बसला आहे. चांदणे सुंदर आहे, पण राजाचे मन ठिकाणावर नाही, कारण राज्यासाठी त्याने आपला पिता बिंबिसार याचा वध करविला आहे. जीवक वैद्याच्या सांगण्यावरून तो आम्रवनात बुद्धाकडे जातो आणि विचारतो : माहूत, आचारी, न्हावी, कुंभार, विणकर यांना आपापल्या कसबाचे फळ याच जन्मी डोळ्यांनी दिसते, संन्यासाचे तसे दिसणारे फळ कोणते? हाच प्रश्न आपण पूर्वी सहा आचार्यांना विचारला होता, असे सांगून तो त्यांची उत्तरे कथन करतो. गोशालाचे उत्तर असे की, प्राण्यांच्या मलिनतेला कारण नाही आणि शुद्धतेलाही कारण नाही; स्वतःचे कर्तृत्व, दुसऱ्याचे कर्तृत्व, बळ, वीर्य, पुरुषार्थ यांपैकी काहीही नाही. नियती, संगती आणि स्वभाव यांनी वळविलेले जीव सुखदुःख भोगत असतात. ते सुखदुःख मापाने मोजून दिलेले असते, त्यात घट नाही की वाढ नाही. फेकलेली सुताची गुंडी सूत संपेपर्यंत उलगडत जाते, तसे मूर्ख आणि शहाणे दोघेही चौऱ्याऐंशी लक्ष महाकल्प फिरून एकाच शेवटाला पोचतात.

पितृघातकाला याहून सोयीचे तत्त्वज्ञान कोणते असेल? तुझ्या हातून जे घडले ते तुझे नव्हेच, असे एक आचार्य त्याला स्वच्छ शब्दांत सांगत होता. तरीही अजातशत्रूला त्याने समाधान झाले नाही. आंब्याविषयी विचारावे आणि फणसाविषयी सांगावे तसे ते झाले, असे तो म्हणतो. सुत्ताच्या शेवटी तो आपल्या अपराधाची कबुली देतो. कबुली द्यायची तर कृत्य आपले असावे लागते. मात्र राजा निघून गेल्यावर बुद्ध भिक्षूंना सांगतो की, या माणसाने पित्याला मारले नसते तर येथेच, याच आसनावर त्याची धर्मदृष्टी उघडली असती. म्हणजे नियतीचे खंडन करणाऱ्यांच्या घरीही एक अडसर होताच. फरक इतकाच की गोशालाच्या मते दोर कोणी वळलेलाच नाही, तो आहे तसा आहे. बुद्धाच्या मते राजाने तो स्वतःच्या हातांनी वळला होता. हा फरक लहान वाटतो. पण ज्याच्या गळ्यात तो दोर आहे त्याला तो लहान वाटला नसावा.

जैन परंपरेतील गोशाल अधिक जिवंत आहे, कारण तेथे त्याला चरित्र आहे. भगवतीसूत्राच्या पंधराव्या शतकात तो सहा वर्षे महावीरांबरोबर हिंडतो. एकदा वाटेत तिळाचे रोप दिसले. हे रोप जगेल का, असे गोशालाने विचारले. महावीर म्हणाले, जगेल. आणि याच्या फुलांतील सात जीव याच्याच एका शेंगेत सात तीळ होऊन जन्मतील. गोशाल हळूच मागे राहिला आणि त्याने ते रोप मातीच्या ढेकळासकट उपटून फेकून दिले. पुढे पाऊस पडला, रोप पुन्हा रुजले. परतीच्या वाटेवर गोशालाने शेंग फोडून तीळ मोजले. ते सात भरले. आवश्यकचूर्णीत याच जातीची आणखी एक गोष्ट आहे. गुराखी मडक्यात खीर शिजवीत होते. मडके फुटणार, असे महावीर म्हणाले. गोशालाने गुराख्यांना सावध केले, त्यांनी जपलेही, तरी मडके फुटले.

या कथा गोशालाची फजिती सांगण्यासाठी रचल्या आहेत हे उघड आहे. मला मात्र त्यांत दुसरेच काही दिसते. ज्याला पुढे नियतिवादाचा मूर्तिमंत पुतळा ठरविण्यात आले, तो येथे भविष्य खोटे पाडण्यासाठी रोप उपटणारा, गुराख्यांना हाका मारणारा माणूस आहे. त्याने नियतीवर आधी हात टाकून पाहिला आणि मगच ती मान्य केली, असे प्रतिपक्षाचेच ग्रंथ नकळत सांगून जातात. आणखी एक अडचण कथाकारांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. महावीरांना ते सात तीळ आधीच दिसत होते, तर मग ते ठरलेलेच नव्हते काय? सर्वज्ञता आणि पुरुषार्थ एकाच घरात कसे नांदवायचे, हा पेच सर्वज्ञ मानणाऱ्या प्रत्येक दर्शनाला पडला आहे.

मडक्यांशी आजीविकांचे नाते येथेच संपत नाही. श्रावस्तीत गोशालाचा मुक्काम हालाहला नावाच्या कुंभारणीच्या कर्मशाळेत असे, आणि त्याचा अंतही तेथेच झाला. उवासगदसाओ या अंगग्रंथात पोलासपूरचा सद्दालपुत्त हा धनाढ्य कुंभार त्याचा अनुयायी आहे. गावाबाहेर त्याची पाचशे दुकाने. तो मडकी वाळत घालीत असता महावीर त्याला विचारतात : ही मडकी प्रयत्नाने होतात की प्रयत्नावाचून? चिखल मळणे, चाक फिरविणे हे सारे सांगूनही सद्दालपुत्त सिद्धान्ताला चिकटून राहतो : प्रयत्नावाचून, कारण सर्व नियत आहे. मग महावीर विचारतात, कोणी ही मडकी फोडली, किंवा तुझी पत्नी अग्गिमित्ता हिच्यावर हात टाकला, तर तू काय करशील? कुंभार म्हणतो, त्याला मारीन, बांधीन, त्याचा जीव घेईन. महावीर म्हणतात, कोणी काही करीतच नाही, तर तू शिक्षा कोणाला करणार? सद्दालपुत्त निरुत्तर होतो आणि पंथ बदलतो.

हा युक्तिवाद सुंदर आहे, पण तो निर्णायक नाही. 'माझा रागही नियतच आहे' असे सद्दालपुत्ताला म्हणता आले असते. ग्रंथकार त्याला ते म्हणू देत नाही. कुंभाराच्या रागावरून जग कसे आहे ते सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, राग, कृतज्ञता, दोष देणे, क्षमा करणे यांवाचून माणसाला माणसांत राहता येत नाही, आणि या साऱ्यांत समोरचा कर्ता आहे असे आपण धरूनच चालतो. १९६२ साली पी. एफ. स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञाने एका गाजलेल्या निबंधात स्वातंत्र्याचा प्रश्न नेमका याच ठिकाणी आणून ठेवला. पोलासपूरच्या कुंभारवाड्याची त्याला वार्ता असण्याचे कारण नव्हते.

वैद्यांनी हाच वाद रुग्णाच्या उशाशी बसून घातला. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश विचारतो, आयुष्य ठरलेले असते की नाही? आत्रेय उत्तर देतात की, सर्वांचेच आयुष्य ठरलेले असते तर औषध कोणी घेतले नसते आणि हिंस्र पशूंपासून कोणी पळाले नसते. मग ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस आपल्या काळाने झिजतो. तोच अति ओझ्याने वा वाईट रस्त्याने मध्येच मोडतो. दैव आणि पुरुषकार यांत जे बलवान असेल ते दुसऱ्याला हटविते. हे उत्तर तात्त्विकदृष्ट्या ढिले आहे, पण ज्याला उद्या सकाळी पुन्हा रोग्याकडे जायचे आहे त्याचे ते आहे.

आजीविकांवरचा सर्वांत जुना आक्षेप असा की, ही शिकवण माणसाला आळशी करते. पतंजलीने महाभाष्यात 'मस्करी' या शब्दाची फोड करताना, कर्मे करू नका, शांतीच बरी, असे सांगणारा तो मस्करी, असा अर्थ लावला आहे. आणि तरी प्रत्यक्षात काय दिसते? स्थानांगसूत्र आजीविकांच्या चार प्रकारच्या तपांची नोंद करते. त्यांत उग्र आणि घोर तपे आहेत, जिभेवरचा जय आहे. ते नग्न राहत, ठरावीक दिवसांच्या अंतराने अन्न घेत. मापाने मोजलेले सुखदुःख बदलणारच नसेल, तर हे कष्ट कशासाठी? तप करणे हेच ज्याच्या नियतीत असेल तो तप करील, असे त्यांचे उत्तर असावे, असा बाशम यांचा तर्क आहे. तर्कशास्त्राला ते पुरेसे आहे. पण माणसाला फळाची खात्री वा आशा नसतानाही कष्ट करता येतात, हे येथे अधिक महत्त्वाचे वाटते. पूर्वनियोजित मोक्षावर श्रद्धा असलेले युरोपातील कॅल्विनपंथी रिकामे बसण्याऐवजी अविश्रांत राबले, हे कोडे माक्स वेबरने १९०४-०५ मध्ये मांडले ते याच घराण्यातले.

अशोकाच्या दानाकडे या प्रकाशात पाहावे. त्याच्या लघुशिलालेखात पराक्रमाला, म्हणजे उद्योगाला, मोठे स्थान आहे. थोरच नव्हे तर लहान माणूसही उद्योगाने स्वर्ग मिळवू शकतो, असे तो घोषित करतो. पुरुषार्थाचा असा कैवारी राजा पुरुषार्थ नाहीच म्हणणाऱ्यांसाठी खडक कोरवून, घासून चकचकीत करवितो, आणि सातव्या स्तंभलेखात आपल्या धर्ममहामात्रांच्या देखरेखीखालील पंथांत त्यांचेही नाव घेतो. त्यांचे म्हणणे पटण्याची अट त्याने घातलेली दिसत नाही.

मराठी वाचकाला हा सारा वाद परका नाही. पाचवीला पुजलेले दुःख आणि सटवीने कपाळी लिहिलेली अक्षरे आपल्या बोलण्यात अजून आहेत, आणि प्रारब्धाबरोबर क्रियमाणही आहे. या शब्दांना अर्वाचीन मराठीत शास्त्रीय चौकट दिली ती टिळकांनी. १९०८ साली ज्युरीने दोषी ठरविल्यावर, माणसांचे व राष्ट्रांचे भवितव्य चालविणाऱ्या श्रेष्ठ शक्ती आहेत, असे न्यायालयात सांगणारा हा माणूस मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहितो, आणि त्यातील दहावे प्रकरण 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' यासाठी राखून ठेवतो. आजचे कर्म जर मागच्या कर्माचेच फळ, तर स्वातंत्र्य उरले कोठे, हा गोशालाचा प्रश्न त्यांनी टाळलेला नाही. कर्माची साखळी प्रकृतीची आहे आणि आत्मा तिच्या बाहेरचा आहे, हे त्यांचे उत्तर वेदान्ताच्या भूमीवर उभे आहे. गोशालाने ती भूमी मान्य केली नसती. पण कोठडीत पेन्सिलीने पाने भरणाऱ्या लेखकाला आपला हात कोण चालवितो याविषयी संशय नव्हता.

आजीविक उत्तरेत हळूहळू विरळ झाले. दक्षिणेत ते टिकून राहिले. तमिळ 'मणिमेकलै' काव्यात एक आजीविक आचार्य आपले मत सांगतो, आणि दक्षिणेतील कोरीव लेखांत चौदाव्या शतकापर्यंत त्यांच्यावरील कराच्या नोंदी बाशम यांनी दाखविल्या आहेत. त्यानंतर शांतता आहे. बराबर-नागार्जुनीवर मात्र छिन्नीचे काम अपुरेच राहिले : घावांखालची अक्षरे पुराभिलेखतज्ज्ञांनी लावली, आणि १९२५ साली हुल्ट्श यांनी संपादिलेल्या अशोकाच्या लेखांच्या संग्रहात तो शब्द पुन्हा छापला गेला.