पाण्याखालच्या बागेची ओळख

फिश टँक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते: निळे-तांबडे खडे, प्लास्टिकची हिरवी झाडे आणि झाकण उघडमीट करत बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी. इथून पुढे ज्या टाकीविषयी लिहायचे आहे, तिच्यात यातले काहीच नाही. तिथे मुक्काम वनस्पतींचा असतो. मासे असतात, पण मोजके, आणि ते झाडांना शोभतील असे निवडलेले. वनस्पतिशास्त्र, रसायन, जिवाणूशास्त्र आणि थोडीफार चित्रकला अशा कुठल्याही दाराने या विषयात शिरता येते. शाळकरी पोराला यातले जे चटकन कळते, त्यावर प्राध्यापकाला वर्षानुवर्षे काम करता येते, आणि म्हणूनच नवख्याने इथे बिचकण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकलेली बरी. टाकी एकदा समतोलात आली की आपली आपण चालते, ही समजूत या विषयाइतकीच जुनी आहे आणि ती अर्धीच खरी आहे. हिरवीगार टाकी पाहिली की लोक म्हणतात, ‘निसर्गाचा समतोल साधलाय.’ प्रत्यक्षात त्या टाकीत रोज कुणीतरी काही घालत असते आणि दर आठवड्याला काही काढत असते. हा सगळा विषय म्हणजे या घालण्या-काढण्याचा हिशेब आहे. तो हिशेब कुठून सुरू झाला, ते पाहू.

१८४९-५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनच्या अपोथेकरीज हॉलमध्ये रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी बारा गॅलनांचे, म्हणजे साधारण ५४ लिटरचे काचपात्र घेतले आणि ते झऱ्याच्या पाण्याने निम्मे भरले. तळाशी वाळू, चिखल आणि काही सुटे दगड घातले. व्हॅलिस्नेरियाचे एक रोप चिखलात खोचले आणि ते तरंगून वर येऊ नये म्हणून एक दगड त्याला टेकवून ठेवला. त्यात दोन लहान गोल्डफिश सोडले. लंडनच्या हवेतली काजळी आत पडू नये म्हणून तांब्याच्या तारेच्या कड्यावर ताणलेली मलमल पात्राच्या तोंडावर ठेवली. थोडे दिवस सगळे छान चालले. मग रोपाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले आणि बुळबुळीत हिरवा थर साचू लागला. आजच्या नव्या टाकीतही पहिल्या महिन्यात हुबेहूब हेच घडते, आणि मालक घाईघाईने दुकानातून शेवाळ मारायचे औषध घेऊन येतो. वॉरिंग्टन यांनी पाच-सहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने आणि तो थर खाऊन फस्त केला. त्यांची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली, आणि पाणी निवळले.

१८५० साली हे सारे त्यांनी लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांनी घ्यायचा, झाडांनी सोडलेला प्राणवायू माशांनी घ्यायचा, आणि मधला केरकचरा गोगलगायींनी उचलायचा, अशी ती मांडणी होती. ती सुबक आहे, आणि माझ्या मते या शाखेचा आरंभ तिथूनच धरावा. पण मलमलीतून हवा मोकळेपणाने ये-जा करत होती, त्यामुळे ते पात्र बंद नव्हते. दोन लहान मासे जेवढा कार्बन सोडतात तेवढ्यावर दाट हिरवळ पोसली जात नाही. वॉरिंग्टन यांच्याकडे एकच रोप होते, म्हणून निभावले.

या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. त्यांचा मुलगाही रॉबर्ट वॉरिंग्टनच. ते रॉथमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात शेतजमिनीतल्या नत्राचा अभ्यास करत. अमोनियाचे नायट्राइट करणे आणि नायट्राइटचे नायट्रेट करणे ही दोन निरनिराळ्या सूक्ष्मजीवांची कामे आहेत, हे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आले. ते जिवाणू वेगळे काढून दाखवण्याचे श्रेय मात्र १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की यांना मिळाले. टाकीवाले आज ज्याला ‘सायकलिंग’ म्हणतात आणि ज्यासाठी नव्या टाकीत मासे सोडण्याआधी महिनाभर थांबायला सांगतात, ते हेच. वडिलांच्या काचपात्रातला डोळ्यांना न दिसणारा भाग मुलाने शेतातल्या मातीत शोधला. पाणवनस्पतींना अमोनिया नायट्रेटपेक्षाही अधिक भावतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी टाकी भराभर वाढणाऱ्या झाडांनी गच्च भरली, तर जिवाणूंचे निम्मे काम झाडेच उरकतात.

आता कार्बनकडे वळू, कारण खरी अडचण तिथेच आहे. हवेच्या तुलनेत पाण्यात कुठलाही वायू सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. पानाला लगटून पाण्याचा एक पातळ, जवळपास स्थिर थर असतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड पान झटक्यात संपवते आणि नवा येईपर्यंत ताटकळत बसते. उघड्यावरच्या साध्या पाण्यात हा वायू लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो. गच्च टाकी करणारे सिलिंडर, रेग्युलेटर आणि डिफ्युझर लावून हे प्रमाण २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. त्याच्या फार वर गेले की मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात, आणि तेवढ्यात लक्ष गेले नाही तर मरतात.

शाळेतला हायड्रिलाचा प्रयोग आठवून पाहा. चंचुपात्रात हायड्रिला, तिच्यावर उलटे नरसाळे, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि हे सगळे उन्हात. सुरुवातीला शिक्षक पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. तो कशासाठी, हे बहुतेक वर्गांत कुणी विचारत नाही. सोड्यातून मिळणारे बायकार्बोनेट हायड्रिला कार्बनसाठी वापरू शकते, म्हणून बुडबुडे भराभर येतात. व्हॅलिस्नेरियालाही ही कला येते. मॉसला ती येत नाही, त्याला विरघळलेला वायूच लागतो. म्हणून बोअरच्या क्षारयुक्त जड पाण्यात व्हॅलिस्नेरिया टाकीभर धावे सोडते आणि शेजारचे मॉस तसेच खुरटलेले राहते. सह्याद्रीतल्या धरणांचे पाणी बहुधा हलके असते, तिथे हे चित्र पालटते. दोन शेजाऱ्यांना एकाच दुकानातली एकच रोपे वेगळा अनुभव का देतात, याचे उत्तर बऱ्याचदा त्यांच्या नळात असते.

नवख्याचा पहिला खर्च मात्र दिव्यावर होतो. प्रकाश वाढवला की झाडाची भूक वाढते. कार्बन, नत्र, पालाश, लोह यांतले काहीही कमी पडले की वाढ तिथेच अडते, मग बाकीचे कितीही घाला. शेतीतल्या या नियमाला १८४० च्या दशकात युस्टुस फॉन लीबिग यांनी प्रसिद्धी दिली, आणि टाकीला तो जसाच्या तसा लागू पडतो. अडलेल्या झाडाची पाने झिजू लागतात आणि त्यांवर शेवाळ चढते. अशा वेळी दिवा आणखी मोठा घ्यायचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नये. टायमर लावून दिवसाला सहा तास प्रकाश द्यावा आणि झाडे नीट रुजेपर्यंत तो वाढवू नये.

घालायचे किती आणि काढायचे किती, या प्रश्नाला आजवर तीन-चार ठळक उत्तरे मिळाली आहेत. नेदरलँड्समध्ये १९३० साली छंदिष्टांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. त्यांच्या शैलीत दगड-लाकडाला फारसे स्थान नाही. एकेका जातीचा नेटका गट, उंचीची उतरंड, तांबड्याशेजारी पोपटी, आणि पुढून मागे निमुळती होत जाणारी एखादी ‘गल्ली’. दर आठवड्याला छाटणी ठरलेली.

जपानचे ताकाशी अमानो (१९५४-२०१५) निइगाताचे. आधी व्यावसायिक सायकलपटू, मग निसर्गछायाचित्रकार. १९८२ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली, आणि डोंगर, कुरण, रानातली पडझड हे सगळे काचेत उतरवायला घेतले. शेवाळ खाणारी जी झिंगी आज जगभर त्यांच्या नावाने विकली जाते, ती टाकीत रुळवली त्यांनीच. लिस्बनच्या ओशनारियममधली ४० मीटर लांबीची, १,६०,००० लिटरची टाकी हे त्यांचे शेवटचे मोठे काम. तिच्या छायाचित्रांनी अनेकांना या छंदात ओढले आणि बऱ्याच जणांना निराशही केले. छायाचित्र एका दिवसाचे असते आणि त्यामागची छाटणी कित्येक महिन्यांची, हे चित्रात दिसत नाही.

अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या पुस्तकात उलट टोक गाठले: खडीखाली बागेतली साधी माती, खिडकीतले ऊन, सिलिंडर नाही, पाणी क्वचित बदलायचे. वॉरिंग्टन यांच्या स्वप्नाच्या सगळ्यांत जवळ जाणारी पद्धत हीच. तिच्यात वाढ संथ असते, पण खर्च आणि धाकधूक दोन्ही कमी. नवख्याला मी हीच सुचवेन.

आपल्याकडच्या वाचकाला याहून जवळची आहे ती लाल मातीची गोष्ट. कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर या जर्मन जोडीने १९८० च्या दशकात टाकीच्या तळाला लॅटराइट घालण्याचा आग्रह धरला, आणि पाश्चात्त्य छंदिष्ट ती लाल माती पाकिटांतून विकत घेऊ लागले. लॅटराइट म्हणजे कोकणातला जांभा. ज्याची घरे बांधतो, तोच. त्यात लोह भरपूर असते, पण गंजलेल्या, म्हणजे झाडाला न पचणाऱ्या रूपात. खडीखाली प्राणवायू तुटपुंजा असतो, तिथे ते लोह हळूहळू विद्राव्य रूपात येते आणि मुळांना मिळते. या दगडाला लॅटराइट हे नाव दिले फ्रान्सिस बुकॅनन यांनी, मलबारातल्या अंगाडिपुरमचा दगड पाहून, १८०७ च्या प्रवासवर्णनात. पुढे १८२२ साली याच गृहस्थांनी गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला, आणि आपल्या टाक्यांमधला पट्टेरी झेब्राफिश त्यातच प्रथम शास्त्रीय नावाने नोंदवला गेला. माती आणि मासा, दोन्हींचे बारसे एकाच माणसाने केले.

झाडेही अशीच आपल्या ओळखीची. टाकीतली ब्राह्मी ही औषधातलीच ब्राह्मी. दक्षिण भारतातली रोटाला मॅक्रँड्रा तिच्या तांबड्या पानांसाठी जगभर मागवली जाते. कासच्या पठारावर पावसाळ्यात ‘सीतेची आसवे’ फुलतात, त्यांच्याच कुळातली एक बारीक पानांची बहीण टाकीच्या तळाला गालिचा म्हणून लावतात. साताऱ्याचे नाव धारण करणारी अपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे वायतुरा, १९८२ साली शास्त्रीय नोंदीत आली. सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, उथळ डबक्यांत ती जून-जुलैत कंदातून वर येते, दुभंगलेला तुरा धरते आणि पाणी आटले की पुन्हा कंदात जाते. सड्यांवरच्या आणि भातखाचरांतल्या कित्येक जाती अशा दुहेरी आयुष्याच्या आहेत. पाण्यात असताना त्यांची पाने पातळ आणि मऊ असतात, हवेत आली की जाड आणि मेणचट. रोपवाटिकाही याचाच फायदा घेतात आणि बहुतेक रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. ती टाकीत बुडवली की हवेतली पाने टाकून देतात आणि पाण्यातली नवी काढतात.

वायतुऱ्याचे वर्णन वाचून कुणी पिशवी घेऊन सड्यावर जाऊ नये. ही जात सह्याद्रीबाहेर कुठेही नाही, आणि विकत मिळणाऱ्या शेकडो जातींनी आयुष्यभराच्या टाक्या भरतील. उलट दिशेने होणारा अपराध अधिक सर्रास घडतो. छाटलेल्या काड्या नाल्यात किंवा तळ्यात टाकल्या जातात. आपली साधी हायड्रिला १९५० च्या दशकात टाकीची वनस्पती म्हणून फ्लोरिडात गेली आणि तिने तिथले कालवे कोंडले. आपल्या नद्यांवरची जलपर्णी तर रोजच दिसते. छाटणी वाळवून कुंडीत घालावी.

उन्हाळ्याचेही आधीच सांगायला हवे, कारण बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आहेत आणि त्यांत हीटरवर प्रकरण असते. आपला प्रश्न उलटा. २० अंशाला पाणी लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, ३० अंशाला साडेसात. त्यात वीज गेली, फिल्टर थांबला आणि सिलिंडर चालूच राहिला, की सकाळी मासे मेलेले सापडतात. म्हणून वीज गेली की आपोआप बंद होणारी झडप सिलिंडरला असावी. मे महिन्यात झाकण काढून पृष्ठभागावर साधा पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. आटलेल्या पाण्याच्या जागी बोअरचे ओतत राहिले तर क्षार साचत जातात, तेव्हा भर हलक्या पाण्याची घालावी. महापालिकेच्या पाण्यातल्या क्लोरीनचा बंदोबस्त करायचा तो वेगळा.

पहिले रोप म्हणून अनेक जण क्रिप्टोकोरिन घेतात, आणि ते योग्यच आहे. मात्र लावल्यावर आठ-दहा दिवसांत तिच्या सगळ्या पानांचा पाघळून लगदा होतो आणि घरातले कुणीतरी ‘मेलं ते, टाकून दे’ म्हणते. रोप उपटू नये. लगदा तेवढा नळीने ओढून घ्यावा, मुळांना हात लावू नये, त्या आठवड्यात पाणी एकदा जास्त बदलावे आणि खत वाढवू नये. खोड टणक असेल तर तीन-चार आठवड्यांत मधून नवे पान निघते, आणि ते पाण्यातले असते.