रिटेनरची डबी
आमच्या लहानपणी आसेगावात दातांचं औषध म्हणजे कडुनिंबाची काडी नाहीतर राखुंडी. दात वाकडे आले तर वाकडेच राहायचे. आता नात दातांच्या तारा काढून आली अन् दात सरळ राहावेत म्हणून रोज रात्री रिटेनर लावते. टाळूची पाटी अन् पुढून तार, ही रचना अमेरिकी दंतवैद्य चार्ल्स हॉली यांची. 1919 साली त्यांनी ती लेखातून मांडली. पाटी तेव्हा व्हल्कनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची. 1930 च्या दशकाअखेर ॲक्रिलिक आलं, पण ते कडकडीत गरम पाण्यात वाकतं. अन् आमची तर सगळं उकळून घ्यायची खोड! म्हणून नातीला बजावलंय: गार पाणी, मऊ ब्रश, अन् जेवताना डबीतच. कागदात गुंडाळलं की कचऱ्यात गेलंच समज. तारा काढल्या तरी हिरड्यांचे ताणलेले तंतू दात पुन्हा जुन्या जागी ओढतात. म्हणून डॉक्टर सांगतील तोवर रिटेनर लावायचाच.