थ्रेड : डब्ल्यू-ए-एस-डी कुणी ठरवले?

१/ संगणकावर नेमबाजीचा खेळ सुरू होताच डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर आणि उजवा माऊसवर जातो. ही मांडणी एखाद्या कंपनीने आखून दिली, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ती १९९० च्या दशकात खेळाडूंच्या आपसांतील चुरशीतून रूढ झाली. कंपन्यांनी ती मागाहून स्वीकारली.

२/ डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील इड सॉफ्टवेअरने ‘डूम’ प्रसिद्ध केला. बाणाच्या कळांनी चालणे-वळणे, कंट्रोलने गोळी झाडणे, स्पेसबारने दार उघडणे, अशी त्याची मूळ मांडणी होती. वर-खाली पाहण्याची सोय नव्हती. शत्रूच्या दिशेला तोंड केले, की गोळीची उंची खेळ स्वतःच जुळवून घेई. त्यामुळे केवळ कीबोर्डवर भागत असे.

३/ मात्र ‘डूम’मध्ये नेटवर्कवरून चार जणांना एकमेकांविरुद्धही लढता येई. राक्षसांपुढे पुरेशी ठरणारी मांडणी जिवंत प्रतिस्पर्ध्यापुढे तोकडी पडू लागली. कळ दाबून वळण्याचा वेग ठरावीक असतो; माऊसच्या एका झटक्यात पाठीमागे वळता येते.

४/ जून १९९६ मध्ये त्याच कंपनीचा ‘क्वेक’ आला. त्याचे जग पूर्णतः त्रिमितीय होते. शत्रू वरच्या कठड्यावरून किंवा खालच्या खंदकातून हल्ला करी आणि लढती इंटरनेटवरून रंगत. वर-खाली नेम धरण्यासाठी माऊस अटळ झाला. तरीही मूळ मांडणी कीबोर्डचीच राहिली. माऊसने मोकळेपणी पाहायचे, तर खेळाडूला वेगळी आज्ञा द्यावी लागे.

५/ उजवा हात माऊसवर गेल्यावर नवी अडचण उद्भवली. बाणाच्या कळा कीबोर्डच्या उजव्या बाजूला, माऊसला खेटून असतात. म्हणून चालण्याचे काम डाव्या बाजूला सरकले. कुणी ई-एस-डी-एफ निवडले, कुणी डब्ल्यू-ए-एस-डी. दुसऱ्या मांडणीत अंगठा स्पेसबारवर, करंगळी शिफ्टवर राहते आणि शस्त्र बदलण्याचे अंकही बोटांच्या टप्प्यात येतात.

६/ या मांडणीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती ‘थ्रेश’ या नावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगने. १९९७ मध्ये ‘क्वेक’ची ‘रेड अ‍ॅनिहिलेशन’ स्पर्धा त्याने जिंकली. बक्षीस होते इडचे सहसंस्थापक जॉन कारमॅक यांची स्वतःची लाल फेरारी. विजेत्याच्या कळा कोणत्या, याची साहजिकच चौकशी सुरू झाली आणि त्याची मांडणी असंख्य खेळाडूंनी उचलली. डब्ल्यू-ए-एस-डी हा त्याचा शोध नव्हे. प्रसाराचे श्रेय मात्र मोठ्या प्रमाणात त्याचे.

७/ नोव्हेंबर १९९८ मध्ये आलेल्या व्हॉल्व्हच्या ‘हाफ-लाइफ’ने याच चार कळा मूळ मांडणीत घेतल्या. पाच वर्षांत खेळाडूंची सवय अधिकृत नियम झाली.

८/ या अक्षरांना स्वतःचा अर्थ नाही. महत्त्व आहे ते त्यांच्या जागेला. फ्रेंच कीबोर्डवर त्याच जागी झेड, क्यू, एस, डी येतात आणि तेथील खेळाडू त्याच वापरतात. इंग्रजी कीबोर्डचा अक्षरक्रम तर १८७० च्या दशकातील टंकलेखन यंत्रांकडून आलेला. टंकलेखनासाठी ठरलेल्या जागांना शंभराहून अधिक वर्षांनी हे नवे काम मिळाले.

९/ मग खेळ बनवणाऱ्यांचे श्रेय कोणते? त्यांनी कळा बदलण्याची मुभा ठेवली, हे. ‘क्वेक’मधील प्रत्येक कळीचे काम एका साध्या मजकूर-फाइलीत लिहिलेले असे, ती फाइल कुणालाही बदलता येई, मित्राला देता येई. ही मुभा नसती, तर बाणाच्या कळा कदाचित आजही कायम असत्या.

१०/ म्हणूनच कळा बदलू न देणारा खेळ आजही खटकतो. रूढ मांडणी उजव्या हाताने माऊस धरणाऱ्यांची आहे. डावखुऱ्या किंवा एकाच हाताने खेळणाऱ्या व्यक्तीसाठी कळा बदलण्याची सोय नसणे म्हणजे खेळाचे दारच बंद असणे. ज्या मोकळीकीतून ही रूढी जन्मली, ती मोकळीक रूढीपेक्षा अधिक जपण्याजोगी आहे.