रॉडनी ब्रूक्स

रॉडनी ॲलन ब्रूक्स (जन्म: ३० डिसेंबर, १९५४, ॲडलेड, ऑस्ट्रेलिया) हे यंत्रमानवशास्त्रज्ञ, संगणकशास्त्रज्ञ व उद्योजक आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे ते यंत्रमानवशास्त्राचे प्राध्यापक होते. परिसराचा सविस्तर नकाशा साठवून न ठेवताही यंत्रमानव त्या परिसरात सुरळीत वावरू शकतो, हे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले. ‘रूम्बा’ हा घरातील जमीन झाडणारा यंत्रमानव बनवणाऱ्या आयरोबोट या कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक होत. यंत्रनिर्मितीबरोबरच जीवसृष्टीची उत्क्रांती, तंत्रज्ञानाचा इतिहास आणि यंत्रांमुळे मानवी श्रमात होणारे बदल या विषयांवरही त्यांनी लेखन केले आहे.

शिक्षण व प्रारंभीचा काळ

ब्रूक्स यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात शुद्ध गणिताचे शिक्षण घेतले. त्यानंतर ते अमेरिकेस गेले आणि १९८१ मध्ये त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. स्टॅनफर्ड येथे हान्स मोराव्हेक यांच्या ‘स्टॅनफर्ड कार्ट’ या चाकांवर चालणाऱ्या यंत्राच्या प्रयोगांत त्यांनी साहाय्य केले. हे यंत्र सुमारे एक मीटर पुढे सरकून थांबत असे. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांवरून परिसराची प्रतिकृती तयार करण्यास संगणकाला बराच वेळ लागे आणि त्यानंतरच यंत्र पुढचे पाऊल टाकी. १९७९ मध्ये खुर्च्या मांडलेली एक खोली ओलांडण्यास त्याला सुमारे पाच तास लागले. १९८४ मध्ये ब्रूक्स एमआयटीमध्ये रुजू झाले.

वर्तनाधारित यंत्रमानवशास्त्र

त्या काळातील यंत्रमानव ‘पाहणे, प्रतिकृती बनवणे, योजना आखणे, कृती करणे’ या क्रमाने काम करीत. थायलंडमधील एका मुक्कामात कीटकांचे निरीक्षण करताना ब्रूक्स यांना या पद्धतीविषयी शंका आली. कीटकाचा मेंदू अतिशय लहान असतो, तरीही तो उडतो, अडथळे चुकवतो व अन्न शोधतो. मग त्याच कामासाठी मोठ्या संगणकाला इतका वेळ का लागावा, असा हा प्रश्न होता.

१९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांनी ‘सबसम्प्शन’ या नावाने ओळखली जाणारी स्तररचना मांडली. तिच्यात सर्वांत खालचा स्तर केवळ टक्कर टाळतो, त्यावरचा स्तर यंत्राला भटकत ठेवतो आणि त्याहून वरचा स्तर दूरच्या जागांकडे नेतो. प्रत्येक स्तर संवेदकांकडून थेट माहिती घेतो. वरचा स्तर गरजेनुसार खालच्या स्तरात हस्तक्षेप करू शकतो, मात्र तो बंद पडला तरी खालच्या स्तरांचे काम चालू राहते. या तत्त्वावर बनवलेला ‘चंगेज’ (१९८९) हा सहा पायांचा यंत्रमानव ५७ साध्या घटकांच्या जाळ्याच्या आधारे ओबडधोबड जमिनीवर चालत असे. चालण्याची संपूर्ण योजना त्याच्या कोणत्याही एका घटकात साठवलेली नव्हती.

१९९० मधील ‘हत्ती बुद्धिबळ खेळत नाहीत’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या निबंधात त्यांनी या विचाराला उत्क्रांतीच्या इतिहासाचा आधार दिला. पृथ्वीवरील जीवसृष्टीचा बहुतांश काळ हालचाल करणे, परिसर ओळखणे व तग धरणे ही कौशल्ये घडण्यात गेला; भाषा व तर्क ही त्या मानाने अगदी अलीकडची भर आहे. त्यावरून पहिली कौशल्येच अधिक अवघड असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या मतावर टीकाही झाली. डेव्हिड कर्श यांनी १९९१ मध्ये असा आक्षेप घेतला की, कीटकाला पुरेशी असलेली पद्धत संकल्पनांवर आधारलेल्या मानवी विचारापर्यंत पोहोचेलच असे नाही. मानवसदृश ‘कॉग’ या यंत्रमानवाचा प्रकल्प ब्रूक्स यांनी १९९३ मध्ये हाती घेतला. त्यांच्या विद्यार्थिनी सिंथिया ब्रेझील यांनी भावदर्शक चेहऱ्याचा ‘किस्मत’ घडवला. १९९७ ते २००७ या काळात ब्रूक्स यांनी एमआयटीची कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळा आणि तिच्यातून पुढे उभी राहिलेली संयुक्त प्रयोगशाळा यांचे संचालकपद सांभाळले.

उद्योग

१९९० मध्ये कॉलिन अँगल व हेलन ग्रायनर यांच्यासह त्यांनी आयरोबोट ही कंपनी स्थापन केली. तिचा ‘रूम्बा’ २००२ मध्ये बाजारात आला. याच कंपनीचे ‘पॅकबॉट’ हे यंत्रमानव अफगाणिस्तानात, तसेच २०११ च्या दुर्घटनेनंतर जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्रात वापरले गेले.

२००८ मध्ये त्यांनी पुढे रीथिंक रोबोटिक्स या नावाने ओळखली गेलेली कंपनी सुरू केली. तिचा ‘बॅक्स्टर’ (२०१२) कुंपणाविना कामगारांशेजारी उभा राहू शकत असे. त्याचा हात धरून कृती करून दाखवली की तो ती शिके. त्यामुळे कामगाराला संगणकाची आज्ञावली लिहिण्याची गरज नसे. त्याची किंमत सुमारे २२,००० डॉलर होती. मात्र अपेक्षित विक्री न झाल्याने ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. २०१९ मध्ये ब्रूक्स यांनी रोबस्ट एआय या कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला.

श्रम व समाजविषयक विचार

कारखान्यांतील कामगारांशी बोलताना आपल्या मुलांनी हेच काम करावे असे त्यांना वाटत नसल्याचे ब्रूक्स यांना आढळले. कंटाळवाणे काम यंत्राने करावे व यंत्राला शिकवण्याचे काम कामगाराकडे असावे, ही भूमिका त्यांनी यावरून मांडली. अनेक देशांत वृद्धांचे प्रमाण वाढत असून काळजी घेणारे हात कमी पडत आहेत, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. वृद्धांना स्वतःच्या घरी स्वावलंबनाने व सन्मानाने राहता यावे, यासाठी यंत्रमानवांची गरज भासेल, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

तंत्रज्ञानाचा इतिहास व भाकिते

२०१७ मध्ये त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या भाकितांतील सात चुकांवर लेख लिहिला. नव्या तंत्रज्ञानाचा नजीकचा परिणाम लोक फुगवून सांगतात आणि दूरचा परिणाम कमी लेखतात, हा रॉय अमारा यांचा नियम त्यात जीपीएसच्या उदाहरणाने स्पष्ट केला आहे. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला. तो प्रकल्प अनेकदा रद्द होण्याच्या बेतात आला होता आणि सामान्य माणसाच्या वापरात येण्यास त्याला दशके लागली. प्रयोगशाळेतील यश आणि प्रत्यक्ष प्रसार यांत असेच मोठे अंतर असते, असे ब्रूक्स मानतात.

हाच निकष त्यांनी स्वतःलाही लावला. १ जानेवारी, २०१८ रोजी त्यांनी स्वयंचलित मोटारी, कृत्रिम बुद्धिमत्ता व मानवी अंतराळप्रवास यांविषयी कालमर्यादेसह भाकिते प्रसिद्ध केली. दरवर्षी त्यांतील खरी-खोटी तपासून जाहीर करण्याचा आणि २०५० पर्यंत हा क्रम चालू ठेवण्याचा संकल्पही त्यांनी सोडला. त्या वर्षी ते ९५ वर्षांचे असतील.

सन्मान व ग्रंथ

१९९१ मध्ये त्यांना ‘कॉम्प्युटर्स अँड थॉट’ पुरस्कार, तर २०२३ मध्ये आयट्रिपलई या संस्थेचे ‘फाउंडर्स’ पदक मिळाले. ‘केंब्रियन इंटेलिजन्स’ (१९९९) व ‘फ्लेश अँड मशीन्स’ (२००२) हे त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. एरॉल मॉरिस यांच्या ‘फास्ट, चीप अँड आउट ऑफ कंट्रोल’ (१९९७) या माहितीपटातील चार व्यक्तींपैकी ते एक आहेत. या माहितीपटाचे नाव ब्रूक्स व अनिता फ्लिन यांच्या १९८९ मधील एका निबंधावरून घेतले आहे. एका महागड्या यानाऐवजी अनेक लहान, स्वस्त यंत्रमानव अन्य ग्रहांवर पाठवावेत, अशी सूचना त्या निबंधात केली होती.