हेदर (वनस्पती)

हेदर (शास्त्रीय नाव: कॅलुना व्हल्गॅरिस) हे एरिकेसी कुलातील सदाहरित, बुटके, काष्ठमय झुडूप आहे. कॅलुना प्रजातीतील ही एकमेव जाती होय. हिमालयात व निलगिरीत आढळणारे ऱ्होडोडेंड्रॉन याच कुलातील आहे. हेदर मात्र भारतात नैसर्गिकरीत्या आढळत नाही. युरोपातील उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे जुलैअखेर ते ऑक्टोबर या काळात, त्याला बहर येतो. समशीतोष्ण प्रदेशांतील बागांमध्ये जमीन झाकून टाकणारी वनस्पती म्हणून त्याची लागवड केली जाते.

नाव व वर्गीकरण

कार्ल लिनियस यांनी 1753 मध्ये या वनस्पतीचा समावेश एरिका प्रजातीत केला होता. 1808 मध्ये जॉन हल यांनी तिला कॅलुना प्रजातीत स्थान दिले. कॅलुना हे नाव 'झाडून स्वच्छ करणे' किंवा 'सुशोभित करणे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. हेदरच्या चिवट काटक्यांपासून पूर्वी केरसुण्या बनवीत.

वर्णन

झुडपाची उंची साधारणपणे 20 ते 50 सेंमी. असते, क्वचित ते 1 मीटरपर्यंत वाढते. पाने 2 ते 3 मिमी. लांबीची, खवल्यांसारखी असून समोरासमोरच्या जोड्यांनी फांदीला चिकटलेली असतात. फुले लहान, फिकट जांभळी, क्वचित पांढरी असतात. फुलाचा रंग मुख्यतः संदलांमुळे दिसतो. खऱ्या पाकळ्या त्यांच्या आत झाकलेल्या असतात. एरिका प्रजातीत पाकळ्यांचा जुळलेला पुष्पमुकुट ठळक असतो, तर पाने सुईसारखी व मंडलाकार असतात. या खुणांवरून दोन्ही प्रजाती वेगळ्या ओळखता येतात.

आढळ

युरोपचा बहुतेक भाग, आशिया मायनर व मोरोक्कोचा उत्तर भाग येथे हेदर मूळचे आहे. स्कॉटलंडमधील माळराने आणि जर्मनीतील ल्यूनेबर्ग परिसरातील माळ हेदरच्या बहरासाठी प्रसिद्ध आहेत. अशी बरीचशी माळराने जंगलतोड, चराई व नियंत्रित जाळणी यांमुळे तयार झाली व टिकली. हेदरचा मध घट्ट, जेलीसारखा असून ढवळल्यास तात्पुरता पातळ होतो.

भू-आच्छादक म्हणून लागवड

हेदरची झुडपे शेजारी शेजारी लावल्यास दोन-तीन वर्षांत त्यांच्या फांद्या एकमेकींत मिसळतात व दाट गालिचा तयार होतो. त्याखालील जमिनीवर प्रकाश कमी पोहोचत असल्याने तणांच्या बियांची उगवण घटते. हा गालिचा उतारावरील माती धरून ठेवण्यासही उपयोगी पडतो. मात्र बहुवर्षायू तणांची मुळे लावणीपूर्वीच काढावी लागतात. नंतर ती हेदरच्या गुंतलेल्या फांद्यांतून उपटणे कठीण जाते.

जमीन व हवामान : हेदरला आम्लयुक्त, हलकी व उत्तम निचऱ्याची जमीन लागते. सुमारे 4.5 ते 6 सामू योग्य मानला जातो. चुनखडीच्या जमिनीत झुडूप लोह शोषू शकत नाही, पाने पिवळी पडतात व ते हळूहळू मरते. निकस माळावर हे झुडूप तग धरते, याचे मोठे कारण म्हणजे त्याच्या केसासारख्या बारीक मुळांत राहणारी कवके. ती सेंद्रिय पदार्थांतील नत्र व स्फुरद झुडपाला मिळवून देतात. त्यामुळे खताची गरज फारशी भासत नाही. अतिखतामुळे वाढ लांबट व कमकुवत होते. भरपूर ऊन आवश्यक असते, कारण सावलीत फुले कमी येतात. हेदर कडाक्याची थंडी सहन करते. उष्ण कटिबंधातील उष्ण व दमट हवामान त्याला मानवत नाही.

लावणी : दोन झुडपांत 30 ते 45 सेंमी. अंतर ठेवतात. खालची पाने मातीला टेकतील इतके खोल रोप लावल्यास खोडालाही मुळे फुटतात. मुळे उथळ असल्याने पहिल्या वर्षी पाण्याचा ताण पडू देत नाहीत. पाणी जड असलेल्या भागांत पावसाचे साठवलेले पाणी देणे श्रेयस्कर असते.

छाटणी : हेदरच्या निगेतील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. दरवर्षी वसंताच्या आरंभी, वाळलेल्या फुलांच्या लगेच खाली, परंतु हिरवी पालवी राखून छाटणी करतात. छाटणी न केल्यास झुडूप मध्यभागी उघडे पडते व तेथे तण शिरते. जुन्या, पर्णहीन लाकडाला सहसा नवे फुटवे येत नाहीत. म्हणून वर्षानुवर्षांचे दुर्लक्ष एकाच कडक छाटणीने भरून निघत नाही. अशी झुडपे बदलावी लागतात.

अभिवृद्धी

बियांपासून आलेली रोपे मूळ वाणासारखीच निपजतील याची खात्री नसते. म्हणून उन्हाळ्याच्या उत्तरार्धात अर्धपक्व फांद्यांची छाटकलमे किंवा दाबकलमे करतात.

वाण

हेदरचे शेकडो वाण उपलब्ध आहेत. 'एच. ई. बील' हा दुहेरी गुलाबी, तर 'किनलॉक्रूएल' हा दुहेरी पांढऱ्या फुलांचा वाण आहे. 'रॉबर्ट चॅपमन' वाणाची सोनेरी पाने हिवाळ्यात तांबूस होतात. काही वाणांच्या कळ्या कधीच उमलत नाहीत, त्यामुळे त्यांचा रंग दीर्घकाळ टिकतो. मात्र अशा फुलांपासून मधमाश्यांना मकरंद मिळत नाही.

उन्हाळ्यात फुलणाऱ्या जवळच्या जातींत एरिका सिनेरिया, एरिका व्हेगन्स व डॅबिशिया कँटॅब्रिका यांचा समावेश होतो. एरिका कार्निया हिवाळ्यात फुलते व काही प्रमाणात चुनखडीची जमीन सहन करते. तिच्याशी हेदरची गल्लत केल्यास लावणी फसण्याचा संभव असतो.

रोग व कीड

पाणी साचणाऱ्या जमिनीत फायटॉप्थोरा या सूक्ष्मजीवामुळे मूळकुज होते. रोगट झुडूप वाळून जाते व त्यावर परिणामकारक उपाय नसल्याने ते मुळासकट काढून नष्ट करतात. युरोपातील माळरानांवर हेदर भुंगेरा (लॉकमिया सुच्युरॅलिस) पाने खाऊन मोठे नुकसान करतो.

पर्यावरणीय प्रश्न

जमीन आम्लयुक्त करण्यासाठी पूर्वी पीट वापरण्याची शिफारस केली जाई. पीट दलदलीत हजारो वर्षांत साठते व त्यात मोठ्या प्रमाणावर कार्बन बंदिस्त असतो. ते खणून काढल्यास तो वातावरणात जातो. त्यामुळे आता कुजवलेली पाइनची साल व पानांचे खत हे पर्याय वापरले जातात.

मूळ प्रदेशाबाहेर हेदर आक्रमक ठरू शकते. न्यूझीलंडमधील टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानात 1912 पासून, शिकारीसाठी ग्राउज पक्ष्यांचा अधिवास निर्माण करण्याच्या हेतूने, त्याचे बी पेरण्यात आले. पक्षी तेथे टिकले नाहीत. हेदर मात्र पसरले व स्थानिक गवताळ वनस्पतींची जागा त्याने व्यापली. त्याला आळा घालण्यासाठी 1996 मध्ये तेथे हेदर भुंगेरा सोडण्यात आला. युरोपात कीड मानला जाणारा हा कीटक तेथे जैविक नियंत्रणाचे साधन ठरला आहे.